पाळी गेल्यानंतर पिशवीचे अस्तर जाड निघाले तर काय करावे

मूतखडा किंवा पोटदुखी म्हणून केलेल्या सोनोग्राफीत साठीच्या बाईच्या गर्भपिशवीचे अस्तर जाड असल्याची एक ओळ येते आणि घरात घबराट पसरते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पुढचा प्रश्न बहुधा ‘पिशवी कधी काढायची?’ हाच असतो. वास्तविक तो सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे, कारण जाड अस्तर ही केवळ एक खूण आहे, आजाराचे नाव नव्हे.

पहिला प्रश्न अंगावरून जाण्याचा. पाळी थांबून सलग १२ महिने झाले की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. त्यानंतर एकदाच आणि थेंबभर, गुलाबी किंवा तपकिरी, कसाही डाग पडला तरी उष्णता झाली असेल म्हणून सोडून देऊ नये. अशा स्रावाचे सर्वांत नेहमीचे कारण अस्तर किंवा योनीमार्ग सुकून पातळ होणे हे साधेच असते. परंतु साधारण दहांपैकी एकीला गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघतो आणि हा रोग झालेल्या बहुतेक स्त्रियांत रक्तस्राव हेच पहिले लक्षण असते. सासूबाई ही गोष्ट मुलाला सांगणार नाहीत, म्हणून सुनेने किंवा लेकीने एकांतात, स्पष्ट शब्दांत विचारावे.

मग रिपोर्टमधला आकडा पाहावा. पोटावरून केलेल्या तपासणीत अस्तर नीट दिसत नाही. त्यामुळे लघवी करून आल्यावर योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी मागावी. रक्तस्राव झालेला असून जाडी ४ मि.मी. किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी असते. त्याहून जास्त असेल तर अस्तराचा तुकडा काढून (बायोप्सी) तपासलाच पाहिजे. रक्तस्राव मुळीच नसेल तर हीच मर्यादा लावायची नसते. तेव्हा अनेक डॉक्टर सुमारे ११ मि.मी.च्या पुढे तपासणी सुचवतात. मात्र लठ्ठपणा, मधुमेह, घरात गर्भपिशवीचा किंवा आतड्याचा कर्करोग, अथवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असणे, यांपैकी काही असल्यास ते आवर्जून सांगावे, म्हणजे निर्णय केवळ आकड्यावर होणार नाही. पिशवीत थोडे पाणी दिसणे हे पुष्कळदा पिशवीचे तोंड आवळल्यामुळे असते. पिशवीतली जुनी गाठ (फायब्रॉइड) पाळी गेल्यावर आकसायला हवी. ती वाढत असेल तर लक्ष द्यावे.

तुकडा घेणे म्हणजे मोठे ऑपरेशन नव्हे. काडीसारख्या बारीक प्लॅस्टिकच्या नळीने अस्तराचा अंश ओढून घेतात; पाळीच्या वेळी येते तशी कळ काही क्षण येते. अस्तरावर मोड (पॉलिप) आलेला दिसत असेल तर पिशवीत बारीक दुर्बीण घालून, त्यातून पाहून तो काढणे अधिक चांगले, कारण नळीतून तो निसटू शकतो. लहान दवाखान्यांत नमुन्याची बाटली नातेवाइकांच्याच हाती देऊन प्रयोगशाळेत पाठवतात. त्या वेळी बाटलीवर नाव, वय आणि तारीख लिहिलेली आहे ना, तुकडा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, बुडालेला आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. पॅप तपासणी पिशवीच्या तोंडाची असते. ती चांगली आली म्हणून आतले अस्तर तपासून झाले असे होत नाही.

तुकड्याचा लेखी रिपोर्ट हाती येईपर्यंत पिशवी काढण्याची तारीख ठरवू नये, हे मी आग्रहाने सांगते. कर्करोग असेल तर शस्त्रक्रियाच वेगळ्या पद्धतीने आखावी लागते, आणि नसेल तर बहुतेक वेळा पिशवी काढण्याची गरजच नसते. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असल्यास मराठीतून समजावून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये.

खर्चाचे आधीच विचारावे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून खासगी रुग्णालयात जाण्यासाठी सहसा सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. मिरज किंवा कोल्हापूरला जाणार असाल तर २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली आहे. आपले गाव यादीत आहे का आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे तिथल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारून मगच निघावे.

सर्व रिपोर्ट चांगले येऊनही पुन्हा अंगावरून गेले, तर जुन्या रिपोर्टवर विसंबून न राहता सगळे कागद घेऊन परत जावे आणि दुर्बिणीने तपासणी करण्याबद्दल विचारावे, मग या वेळी अस्तर पातळ दिसत असले तरीही.