मध्ययुगीन इंग्लंडमधलं मेंढीचं कातडं: या चुका टाळा

इंग्लंडमध्ये मेंढ्या अमाप, त्यामुळे त्यांची कातडीही अमाप. पण गाईबैलांची कातडी ओकच्या सालीत कमावणारे कारागीर वेगळे आणि मेंढी-हरणाची कातडी तुरटीत पांढरी करणारे वेगळे. ही दोन कामं एक समजली की पुढे घोळच होतो.

जुन्या पद्धतीने पांढरं कातडं करू पाहणाऱ्यांचं बहुतेक वेळा चुन्यापाशी बिनसतं. केस काढायला वापरलेला चुना आत राहिला तर तुरटी वरच्या थरातच साकळते. मग पृष्ठभाग कडक आणि गाभा कच्चा राहतो. त्या काळी आंबवलेल्या कोंड्याच्या पाण्यात कातडं ठेवून चुना घालवत. आज खात्री करायची तर जाड भागाला चीर देऊन फिनॉल्फ्थॅलिनचा (चुना असेल तिथे गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) थेंब टाका; गुलाबी झाला तर थांबा. दुसरा शत्रू म्हणजे चरबी. मेंढीच्या कातड्यात ती भरपूर असते आणि तिच्यामुळे तुरटी आत शिरत नाही. नुसत्या तुरटीच्या पाण्यात कातडं फुगतं, म्हणून मीठ हवंच: दोन भाग तुरटीला एक भाग चालतं. पीठ आणि अंड्याचा बलक घातला की मऊपणा येतो. वाळल्यावर काही आठवडे तसंच राहू द्या, मग किंचित ओलसर करून बोथट पात्यावर ताणा. तयार कातडं धुवायचं मात्र नाही. तुरटी निघून जाते आणि वाळल्यावर हाती शिंगासारखा टणक तुकडा उरतो.

याच कारणाने ओल्या मातीत पांढरं कातडं सहसा टिकत नाही, सालीने कमावलेलं टिकतं. तेव्हा उत्खननात पांढरं सापडलं नाही म्हणून ते वापरात नव्हतं, असं लिहू नका.

सालीत मेंढीचं कातडंही कमावत, पण त्याचे थर सुटतात, म्हणून जोड्याच्या तळव्याला ते कुचकामी. 1272 च्या लंडनच्या नियमांनी उंची कॉर्डोव्हाच्या (स्पेनमधल्या कॉर्डोव्हा शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) चामड्यात मेंढीचं मिसळायला बंदी केली, ती उगाच नव्हे. चर्मपत्राला, म्हणजे लिहिण्यासाठी तयार केलेल्या कातड्याला, मात्र हाच दोष गुण ठरला: खाडाखोड लगेच उघडी पडते, म्हणून राजाच्या खजिन्याचे हिशेब मेंढीच्या चर्मपत्रावर लिहीत.

जकातीच्या नोंदी वाचताना लोकरीसकट कातडी चामड्यात धरू नका; ती लोकरीच्या खात्यात येतात. 1275 च्या जकातीत अशा 300 कातड्यांना लोकरीच्या एका पोत्याइतकाच, म्हणजे 6 शिलिंग 8 पेन्स कर होता.