व्हीगन जेवण खिशाला झेपेल असं कसं करावं, आणि जिभेचे लाडही कसे पुरवावेत

दूध, दही, तूप, पनीर, मध, अंडी, मांस-मासळी यातलं काहीच खायचं नाही असं ठरवलं, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी बदामाचं दूध, व्हीगन चीज आणि लोण्याऐवजी चालणारा एक महागडा डबा असं सगळं टोपलीत भरून घरी आणलं. महिनाअखेरीस किराण्याचा हिशेब मांडला तर त्या तीन वस्तूंनी डाळ-तांदळापेक्षा जास्त पैसे खाल्ले होते. चीज तर अर्धं तसंच फ्रीजमध्ये पडून होतं. व्हीगन खाणं महाग पडतं ते दुधाची नक्कल विकत आणल्यामुळे, हे मला तेव्हा कळलं. आपल्या मराठी स्वयंपाकात तशी नक्कल फार थोड्या ठिकाणी लागते. त्या जागा हुडकून स्वस्तात भरून काढायच्या आणि वाचलेल्या पैशांतून अधूनमधून मनासारखं खायचं. कसं, ते सांगते.

आधी आठवडा कागदावर मांडा

तुमच्या घरी आठवडाभर काय शिजतं ते लिहून काढा आणि ज्यात दुधाचं काही पडतं त्यावर खूण करा. कांदेपोहे, तेलातला उपमा, पोळी-भाजी, आमटी, मटकीची उसळ, पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, मुगाची खिचडी, थालीपीठ. या यादीत खुणा फारशा पडतच नाहीत. पडतील त्या बहुतेक चारच ठिकाणी असतील: चहा, भातावरचं तूप, दही-ताक आणि पनीर. आमच्याकडे तरी एवढंच निघालं.

म्हणजे नव्यानं स्वयंपाक शिकायची गरज नाही. प्रश्न या चार जागांचा आहे.

चार जागा भरून काढा

तूप सगळ्यात सोपं. फोडणी तेलाची करा. गरम भातावर किंवा भाकरीवर घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल घ्या. विदर्भात आणि खानदेशात ठेचा किंवा जवसाची चटणी कच्च्या तेलात कालवून खायची पद्धत घरोघरी आहेच, ती उचला. चमचाभर तेल पुरतं. पुरणपोळीवर काय, असं सगळेच विचारतात. कोकणात पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर खातात, आणि मला ती तशी तुपापेक्षाही आवडते.

चहा सगळ्यात अवघड. सोयाबीनचं दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं. म्हणून चहा आधी वेगळा उकळून गाळून घ्या, गॅस बंद करा, आणि मग कोमट केलेलं दूध वरून घाला. शेंगदाण्याचं किंवा नारळाचं दूध चहात घालून पाहिलं, पण त्यांचा वास चहावर चढतो. मी शेवटी गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोराच प्यायला लागले. दोन आठवडे चुकल्यासारखं वाटलं, नंतर सवय झाली. खर्च तर दुधाच्या चहापेक्षाही कमी.

पनीर मी सोडूनच दिलं, आणि तुम्हीही आधी तेच करून बघा. पनीर जिथे घालत होता तिथे छोले, सोयावडी किंवा भिजवलेले काळे वाटाणे घाला. सोयावडीत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि सुटी घेतली तर ती दुकानातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळली की तिचा उग्र वास जातो. हे पिळणं बरेच जण टाळतात आणि मग सोयावडीला नावं ठेवतात. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, हवाच असेल तर घरी होतो. सोयाबीन रात्रभर भिजवा, वाटा, गाळा, दूध १५ मिनिटं खळखळून उकळा (सोयाबीनचं दूध कच्चं पिऊ नये), लिंबाचा रस घालून फाडा आणि कापडात बांधून वर वजन ठेवा. उकळताना भांडं मोठं घ्या, कारण फेस झपाट्यानं वर येतो.

शेंगदाण्याचं दही

यावर मी जरा थांबणार आहे, कारण घरात दही नसलं की कोशिंबीर, कढी, ताक, दहीभात सगळंच अडतं. बाटलीबंद व्हीगन दही रोज खाण्याच्या किमतीला मिळत नाही.

एक वाटी कच्चे शेंगदाणे, साधारण १५० ग्रॅम, रात्रभर भिजत घाला. किलोला १५० रुपये धरले तर हे साडेबावीस रुपयांचे झाले. सकाळी पाणी फेकून द्या आणि दाणे तळव्यांमध्ये चोळून सालं काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सालं राहिली तर दही करड्या रंगाचं होतं आणि किंचित तुरट लागतं. आधी अर्धी वाटी पाणी घालून दाण्यांचं अगदी मऊ वाटण करा, मग आणखी अडीच वाट्या पाणी घालून पुन्हा फिरवा. सुती पंच्यातून घट्ट पिळून गाळा. चोथा टाकू नका, तो थालिपिठाच्या पिठात जातो किंवा रश्शाला दाटपणा आणतो.

हे दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळा. तळाला पटकन लागतं, म्हणून पळी थांबवू नका. उकळी आल्यावर पाचेक मिनिटांनी ते किंचित दाट होतं. मग उतरवून बोट सोसवेल इतकं कोमट होऊ द्या.

विरजण आणायचं कुठून? हिरव्या मिरचीच्या देठांतून. आठ-दहा ताजे देठ हिरव्या टोपीसकट धुऊन घ्या आणि अर्ध्या वाटी कोमट दाण्याच्या दुधात बुडवून दहा-बारा तास उबेला ठेवा. देठांवरच्या जिवाणूंनी दूध सैलसर जमतं आणि आंबट वास येतो. ही पहिली वाटी खाण्यासाठी नाही, ते तुमचं विरजण. देठ काढून टाका, त्यातलं दोन चमचे नव्या कोमट दुधात मिसळा आणि पुन्हा आठ तास ठेवा. थंडीत मी भांडं फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवते. वास सडका आला किंवा वर रंगीत बुरशी दिसली तर सरळ फेका.

सकाळी खाली पाणी आणि वर मऊ दही असं वेगळं झालेलं दिसेल. बिघडलं असं समजू नका, रवीनं हलवलं की एकजीव होतं. चव दह्याचीच, मागे दाण्याचा हलका स्वाद. कढीला बेसन निम्मंच लागतं. फ्रीजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं, आणि दोन चमचे बाजूला काढून ठेवले की पुढच्या वेळी देठांची गरज पडत नाही.

किराणा कसा भरावा

डाळी-कडधान्यं पाकिटातली घेण्याऐवजी सुटी घ्या. रोज तूरडाळच हवी हा हट्ट सोडा. मसूर, मूग आणि हरभरा डाळ आलटून-पालटून वापरली की बिल उतरतं आणि जेवणात बदलही होतो. कुळीथ, चवळी, मटकी, वाल, हरभरे यातली तीन-चार कायम घरात असू द्या. एकदाच भिजवून मोड आणून ठेवली की आठवड्याच्या दोन-तीन उसळी निघतात.

तीळ, जवस आणि कारळे यांच्या कोरड्या चटण्या करून ठेवा. भाजी कमी पडली तरी जेवण अपुरं वाटत नाही, आणि शरीराला लागणारी चांगली स्निग्धता त्यातून मिळते. पालेभाजी आठवडी बाजारात संध्याकाळी, बाजार उठायच्या वेळी घ्या. त्या वेळी राजगिरा, चाकवत, शेपू, अंबाडी यांच्या जुड्या कमी भावात मिळतात. घरी आणल्यावर लगेच निवडून कोरड्या कापडात ठेवा, नाहीतर स्वस्तात घेतलेलं दुसऱ्या दिवशी फेकलं जातं.

इथे काटकसर नको: बी-१२

बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. आंबवलेल्या पदार्थांतून किंवा स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या भुकटीतून मिळतं, असं ऐकून निर्धास्त राहू नका. कमतरता राहिली तर हातापायांना मुंग्या येण्यापासून मज्जातंतूंच्या कायमच्या इजेपर्यंत त्रास होऊ शकतो. रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. गोळी महाग नसते. गरोदर बाई, लहान मूल किंवा आधीचं काही दुखणं असेल तर पूर्ण आहारच डॉक्टरांना दाखवून ठरवा.

बाकीचं ताटातूनच जमतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी किंवा आंबील ठेवा. उसळीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

बाहेर खाताना

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहाराचा असतो आणि त्यात दूध-तूप चालतं. भारतात २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आले. त्यांची खूण म्हणजे हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ती नसेल तर घटकांच्या यादीखाली अॅलर्जीची सूचना वाचा, दूध असेल तर तिथे लिहिलेलं असतं. साध्या बिस्किटांत आणि टोस्टमध्येही दुधाची पावडर निघते.

टपरीवर किंवा हॉटेलात तीन गोष्टी विचारा: फोडणी तेलाची की तुपाची, पिठात दूध-दही घातलंय का, आणि वरून लोणी लावता का. भेळ, पाणीपुरी, वडापाव, दह्याशिवाय मिसळ, इडली-चटणी बहुतेक ठिकाणी चालतात. पाव भाजताना बटर नको आणि डोसा तेलावर हवा, हे मात्र आधीच सांगा. ताट समोर आल्यावर सांगितलं तर अन्न वाया जातं. नातेवाइकांकडे जाणार असाल तर आदल्या दिवशीच फोन करा: "काकू, माझ्या वरणावर तूप नको, बाकी सगळं चालेल." एवढं कळलं की त्यांची धावपळ वाचते.

चैनीचा हिशेब

दर महिन्याला एक रक्कम ठरवून वेगळ्या डब्यात ठेवा. माझी ३०० रुपयांची आहे. त्यात एकदा व्हीगन आईस्क्रीम, नाहीतर दुधाशिवायचं चांगलं गडद चॉकलेट येतं. एखाद्या महिन्यात काहीच आणलं नाही तर पैसे पुढे सरकतात आणि मे महिन्यात त्यांचा हापूस येतो. असं ठरवलेलं असलं की दुकानात दर वेळी मनाची ओढाताण होत नाही. आणि आणलेला घास उभ्या-उभ्या संपवू नका. बशीत काढून, कोणाला तरी सोबत घेऊन खा.

बाकीची चैन घरातच आहे. शेंगदाण्याची चिक्की, तेलात केलेली गुळाची पोळी, नारळ आणि गुळातले अळिवाचे लाडू, उकडीचे मोदक, पातोळ्या, दूध न घातलेला आमरस, यांपैकी कशालाच दुधाची गरज नाही. पाहुणे आले की मी मालवणकडचे शिरवाळे करते. चौघांना पोटभर होतात, आणि लागतं काय, तर एक नारळ, दोन वाट्या तांदळाचं पीठ आणि वाटीभर गूळ.

दोन वाट्या पाणी मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळा, त्यात पीठ घालून ढवळा आणि झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ आणा. पाण्याचा हात लावत गरम असतानाच मळा, लांबट उंडे करा आणि दहा-बारा मिनिटं वाफवा. उंडे गरम आहेत तोवरच शेवेच्या साच्यातून थेट ताटलीत पाडा. गार झाले की दाबताना खांदे भरून येतात, म्हणून एका वेळी दोनच उंडे बाहेर काढा. नारळ खवून कोमट पाण्यात वाटून दाट दूध काढा, त्यात किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून विरघळवा. हा रस गॅसवर चढवू नका, फाटतो. शिरवाळ्यांवर तो बुडतील इतका ओता आणि लगेच वाढा.