एकट्याने बसने बीच फिरायला निघताय? या चुका टाळा

सकाळी बस किंवा ट्रेन पकडायची, दोन-तीन बीच बघायचे आणि रात्री घरी, तेही एकट्याने. हे खरंच भारी असतं, कोणासाठी थांबायचं नाही, आवडलं तर तासभर बसायचं नाहीतर पुढे निघायचं. पण या ट्रिपमध्ये दोन टाइमटेबल असतात जी आपल्या हातात नाहीत, एक बसचं आणि दुसरं समुद्राचं, आणि बहुतेक गोंधळ या दोनपैकी एकाकडे न बघितल्यामुळेच होतात.

परतीची बस न बघता निघणं

जायची बस सगळेच बघतात, परतीचं "बघू तिथे गेल्यावर". प्लॅन उलटा करा, म्हणजे आधी परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते शोधा आणि तिच्या आधीची गाडी आपली समजा, कारण आधीची रद्द झाली किंवा भरून आली तरी हातात एक गाडी उरते, शेवटची गेली की काहीच उरत नाही. रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि सीझन संपल्यावर टाइमटेबल वेगळं असू शकतं हे लक्षात ठेवा. अ‍ॅपवर दिसणारी वेळ ही बऱ्याचदा नुसती छापील वेळ असते, आज ती गाडी सुटणार आहे की नाही हे त्यात असेलच असं नाही, म्हणून उतरतानाच ड्रायव्हर-कंडक्टरला विचारून घ्या की परतीची गाडी कुठे थांबते. छोट्या ठिकाणी समोरच्या बाजूला पाटीसुद्धा नसते, नुसता हात दाखवायचा असतो. टाइमटेबल लावलेलं दिसलं तर फोटो काढून ठेवा.

आणि सगळ्यात लांबचा बीच आधी करा! मग दिवस जसा उतरतो तसे तुम्ही घराच्या जवळ येत जाता, संध्याकाळी थकलेलं असताना लांबच्या टोकाला अडकायची वेळ येत नाही.

नकाशावर जवळ दिसतं म्हणून चालत सुटणं

दोन बीच नकाशावर अगदी शेजारी दिसतात पण मध्ये खाडी असते नाहीतर डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं असतं आणि रस्ता भलताच वळसा घालून जातो. शिवाय कोरड्या मऊ वाळूत चालायला साध्या रस्त्याच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूवरून चाललात तर खूप सोपं जातं. माझं स्पष्ट मत आहे की एका दिवसात दोन बीच पुरे, तिसरा वेळ उरला तरच.

भरती-ओहोटी न बघणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि लोक हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे मागच्या आठवड्यात कोणीतरी "दुपारी मस्त मोकळा बीच होता" म्हणालं तर त्याचा आज काही उपयोग नाही. आजची तारीख आणि तिथलं सगळ्यात जवळचं बंदर टाकूनच वेळ बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त खाली जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा हा फरक कमी असतो.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात अगदी थोडं चढतं, आपल्याला वाटतं अजून खूप वेळ आहे, आणि मग मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी येऊन जातं. खडकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या बीचवर गेलेले लोक असेच अडकतात. तिथे पोचल्यावर कड्याच्या पायथ्याकडे नीट बघा: अगदी कड्यापर्यंत वाळू ओली असेल, खडकावर कमरेच्या वर शेवाळ आणि शिंपले चिकटलेले असतील तर भरतीला तिथे उभं राहायला जागा उरत नाही. अशा ठिकाणी ओहोटी सुरू असतानाच जायचं आणि पाणी फिरायच्या आत निघायचं.

एकटं असताना पोहायला जाणं

लाइफगार्ड नसेल तर गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका, कितीही पोहता येत असलं तरी. लाटा फुटत असताना मध्येच एक गडद, शांत पट्टा दिसतो आणि त्यावरून फेस आत समुद्राकडे जाताना दिसतो, ती जागा सुरक्षित वाटते पण तिथूनच पाणी परत आत ओढलं जात असतं. चुकून त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, त्यातच दमछाक होते. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर किनाऱ्याकडे या.

फोन

रेंज कमी असली की फोन सतत सिग्नल शोधतो आणि बॅटरी भराभर उतरते. नकाशा घरूनच डाउनलोड करा आणि रेंज नसेल तिथे एअरप्लेन मोड लावा, बऱ्याच फोनवर जीपीएस तरी चालू राहतं. बसची वेळ आणि एक फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत फोन कराल हे घरी कोणाला तरी सांगून निघा.

तरीही गडबड झालीच तर

शेवटची बस गेली तर अंधारात हायवेने चालत सुटू नका, माणसं आणि दिवे असतील तिथे थांबा, घरी कळवा आणि मोठ्या स्टँडपर्यंत शेअर गाडी मिळते का विचारा.

पाणी वाढून वाट बंद झाली तर पाण्यातून पळायचं नाही आणि ठिसूळ कड्यावर चढायचंही नाही, जमेल तेवढ्या उंच पक्क्या जागेवर थांबून लगेच इमर्जन्सी नंबरला फोन करा.

जेलीफिश चावली तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, श्वास लागला किंवा सूज पसरली तर थेट डॉक्टर.

डोकं जड झालं, मळमळायला लागलं तर पुढचा बीच रद्द करून सावलीत बसा, कपडे ओले करा, घोट घोट पाणी प्या. बरं वाटत नसेल तर शेजारच्या कोणाला तरी लगेच सांगा, कारण ऊन जास्त लागलं की आपल्यालाच धड कळत नाही आणि सोबत ओळखणारं दुसरं कोणी नसतं.