अमेरिकेतल्या जुन्या ब्लॅक (आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या) वस्तीत उत्खनन करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक कुदळ लावायच्या आधीच होते. प्लॅन आपण ठरवायचा आणि वस्तीला नंतर कळवायचं. न्यूयॉर्कमध्ये 1991 ला हेच झालं, मॅनहॅटनमध्ये सरकारी बिल्डिंगच्या साइटवर आफ्रिकन लोकांची जुनी दफनभूमी निघाली, खरंतर ती जुन्या नकाशावर होतीच, तरी बांधकामाच्या घाईत सांगाडे भराभर काढणं चालू राहिलं आणि काही कबरींची नासधूसही झाली. ब्लॅक न्यूयॉर्ककर रस्त्यावर उतरले तेव्हा 1992 मध्ये काम थांबलं.

तुमचं काम असंच अडकलं असेल तर लोकांना समजवायला प्रेझेंटेशन घेऊन जाऊ नका, आधी खोदणं बंद करा आणि अभ्यासाचे प्रश्नच त्यांच्यासोबत पुन्हा ठरवा. न्यूयॉर्कमध्ये पुढचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ मायकल ब्लेकी यांच्या टीमकडे गेला आणि त्यांनी अगदी हेच केलं. ही माणसं आफ्रिकेतून कुठून आली, जगली कशी, गुलामगिरीला विरोध कसा केला, हे प्रश्न लोकांशी बोलून ठरले. 2003 मध्ये 419 जणांना सन्मानाने परत दफन केलं.

दुसरी चूक, रहिवाशांना फक्त माती चाळायला आणि फोटोला बोलवायचं. ब्रुकलिनचं वीक्सव्हिल बघा, जेम्स वीक्स यांनी 1838 मध्ये तिथे जमीन घेतली आणि गुलाम नसलेल्या, स्वतंत्र ब्लॅक लोकांची वस्ती उभी राहिली. पुढे ती विसरली गेली, 1968 मध्ये विमानातून बघताना हंटरफ्लाय रोडवरची जुनी घरं दिसली, मग खोदायला जवळच्या शाळेतली मुलं पण होती आणि घरं वाचवायच्या सुनावणीत तीच मुलं बोलली! 1970 मध्ये शहराने घरांना लँडमार्कचा, म्हणजे जपायच्या वारसा वास्तूचा दर्जा दिला. मला हे फार मोठं वाटतं, कारण वारसा कोणाचा आहे ते तिथे आधीच ठरलेलं होतं.

आणि चर्चच्या एका पास्टरने (धर्मगुरूने) हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं असं धरू नका. भाडेकरू, वस्तीतून उठवलेली कुटुंबं, लांब राहणारे वंशज, सगळ्यांना शोधा. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये फर्स्ट बाप्टिस्ट चर्चच्या जुन्या जागेवर पार्किंग केलेलं होतं, तिथे साठहून जास्त कबरी सापडल्या, पण उघडायच्या की नाही हे वंशजांनी ठरवलं आणि डीएनए तपासायला फक्त तीनच उघडल्या.

सापडलेल्या वस्तू कुठे राहणार, रिपोर्ट साध्या भाषेत कोणाला मिळणार, हाड दिसलं तर काम कोण थांबवणार, हे सगळं पहिल्या खड्ड्याआधी लेखी करून घ्या.