वायुमिश्रणाचा दाब आणि बाष्पदाब: गणित मांडण्याची पद्धत

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात वायूंच्या मिश्रणाचा दाब आणि द्रवाचा बाष्पदाब या दोन गोष्टी विद्यार्थी वेगवेगळ्या पाठ करतात, आणि एकाच भांड्यात हवा, पाण्याची वाफ व तळाशी थोडे पाणी असे गणित समोर आले की अडखळतात. अशा गणितात पहिला प्रश्न एकच विचारावा: भांड्यात द्रव शिल्लक आहे का? पुढची सारी मांडणी या उत्तरावर ठरते.

आधी केवळ वायूंचा विचार करू. जॉन डाल्टन यांनी १८०१ साली मांडलेल्या नियमानुसार, एकमेकांशी रासायनिक अभिक्रिया न करणाऱ्या वायूंच्या मिश्रणाचा एकूण दाब हा प्रत्येक वायूच्या आंशिक दाबांची बेरीज असतो. आणि आंशिक दाब म्हणजे तो वायू त्याच तापमानाला त्याच भांड्यात एकटा असता तर त्याने दिला असता तो दाब. समजा, १० लिटरच्या भांड्यात २७ अंश सेल्सियसला १४ ग्रॅम नायट्रोजन, ८ ग्रॅम ऑक्सिजन आणि १ ग्रॅम हेलियम आहे. वजनांकडे पाहून दाबाचा अंदाज कधीही करू नये. प्रथम मोल काढावेत: नायट्रोजन ०.५, ऑक्सिजन ०.२५ आणि हेलियमही ०.२५, म्हणजे एकूण १ मोल. वायुस्थिरांक ०.०८२१ आणि तापमान ३०० केल्विन धरले की एकूण दाब सुमारे २.४६ वातावरण येतो. त्यातला निम्मा नायट्रोजनचा, आणि उरलेला ऑक्सिजन व हेलियम यांचा समसमान. हेलियमचे वजन ऑक्सिजनच्या एक अष्टमांश असूनही दोघांचा दाब सारखा येतो, कारण आदर्श वायूचा दाब रेणूंच्या संख्येवर ठरतो, त्यांच्या वजनावर नाही.

बाष्पदाबाचे वागणे निराळे आहे. बंद भांड्यातल्या पाण्यातून रेणू वाफेत जातात आणि वाफेतले काही रेणू पाण्यात परततात. दोन्हींचा वेग सारखा झाला की वाफेचा आंशिक दाब स्थिर होतो, आणि तोच त्या तापमानाचा बाष्पदाब. पाणी वाटीभर आहे की बादलीभर, भांडे लहान आहे की मोठे, याने तो बदलत नाही. भांड्यात इतर हवा आहे की नाही, यानेही नेहमीच्या दाबांना त्यात लक्षात घेण्याजोगा फरक पडत नाही. पाण्याचा बाष्पदाब २५ अंशांना २३.८, ३० अंशांना ३१.८ आणि ४५ अंशांना ७१.९ मिलिमीटर पारा इतका असतो.

पाण्यावर गोळा केलेल्या वायूचे गणित याच दोन नियमांवर उभे आहे. ३० अंशांना ७३० मिलिमीटर दाबाखाली २५० मिलिलिटर ऑक्सिजन पाण्यावर गोळा केला, तर नळीत ऑक्सिजनबरोबर वाफही असते. म्हणून कोरड्या ऑक्सिजनचा दाब ७३० वजा ३१.८, म्हणजे ६९८.२ मिलिमीटर. त्यावरून ०.००९२३ मोल, म्हणजे सुमारे ०.२९५ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. वाफ वजा करायची राहिली तर उत्तर ०.३०९ ग्रॅम येते, म्हणजे साडेचार टक्क्यांहून थोडे जास्त. प्रयोगशाळेत पारा ४२ अंशांवर असेल तर हीच चूक नऊ टक्क्यांवर जाते, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यात कोष्टकातला २५ अंशांचा आकडा उचलून चालत नाही. पाण्याचे तापमान मोजूनच आकडा निवडावा. वातावरणाच्या दाबाचेही तसेच. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, तर हवामानाच्या बातमीत दिलेला दाब बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. प्रयोगासाठी खोलीतल्या दाबमापकाचाच आकडा घ्यावा.

आता सर्वांत जास्त चुका होतात ते गणित. दट्ट्या बसवलेल्या भांड्यात ३० अंशांना हवा आणि थोडे पाणी आहे. एकूण दाब ७३१.८ मिलिमीटर. आकारमान निम्मे केले तर दाब किती? अनेक जण सरळ दुप्पट करून १४६३.६ लिहितात. बॉयलचा नियम येथे फक्त हवेला लावायचा आहे. हवेचा दाब ७०० होता, तो १४०० होईल. वाफ मात्र दाबली जाताच तिचा काही भाग पाणी होईल आणि तिचा दाब ३१.८ वरच राहील. उत्तर १४३१.८. आकारमान दुप्पट केले तर हवा ३५० आणि वाफ पुन्हा ३१.८, पण तळाशी पाणी उरले असेल तरच.

पाणी उरते की नाही हे ओळखण्यासाठी क्षणभर सगळ्या पाण्याची वाफ झाली असे धरून दाब काढावा. १० लिटरच्या भांड्यात ३० अंशांना १ ग्रॅम पाणी असेल, तर असा दाब सुमारे १०५ मिलिमीटर येतो. तो ३१.८ पेक्षा जास्त आहे, याचा अर्थ सगळ्याची वाफ होणे शक्य नाही, सुमारे ०.३ ग्रॅम वाफेत जाईल आणि ०.७ ग्रॅम पाणीच राहील. काढलेला दाब बाष्पदाबापेक्षा कमी आला असता, तर पाणी उरले नसते आणि वाफेला इतर वायूंप्रमाणेच वागवता आले असते.

तापमान बदलतानाही दोन्ही दाब स्वतंत्रपणे काढावेत. दट्ट्या पक्का ठेवून तेच भांडे ३० वरून ४५ अंशांना नेले, आणि पाणी शिल्लक असले, तर हवेचा दाब केल्विनच्या प्रमाणात ७०० वरून सुमारे ७३५ होतो, पण वाफेचा दाब ३१.८ वरून ७१.९ वर, दुपटीहून वर जातो.

बाष्पदाब आणि वाफेचा आंशिक दाब यांतला फरक नागपुरात घरातल्या कूलरवर पडताळता येतो. नवतप्यात हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर हवेतल्या वाफेचा आंशिक दाब ७१.९ च्या १५ टक्के, म्हणजे सुमारे १०.८ मिलिमीटर. कूलरच्या ताट्यांतले पाणी २५ अंशांपर्यंत गार झाले तरी त्याचा बाष्पदाब २३.८ असतो, म्हणून बाष्पीभवन आणि गारवा चालूच राहतो. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की हवेतल्या वाफेचा दाबच २५.४ होतो. २५ अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब त्याहून कमी असल्याने पाणी तेवढे गार होऊ शकत नाही, मग पंखा कितीही वेगाने फिरवला तरी.

उकळण्याचे गणितही याच कोष्टकातून सुटते: बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. ७३० मिलिमीटरला पाणी सुमारे ९९ अंशांवर उकळते, त्यामुळे नागपुरात उकळत्या पाण्यात तपासलेला तापमापक १०० दाखवत नसेल तर त्याला सदोष ठरवण्याआधी त्या दिवसाचा दाब पाहावा.