वेगवेगळ्या वयाच्या भावंडांसाठी घरशाळेचा कृतिशील अभ्यासक्रम कसा निवडावा

घरशाळा, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणं, सुरू करायचं ठरलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "थोरलीसाठी पाचवीचा कुठला अभ्यासक्रम घेऊ आणि धाकट्यासाठी पहिलीचा कुठला?" मीही हाच प्रश्न घेऊन सुरुवात केली होती. इयत्तेप्रमाणे दोन तयार संच मागवले, प्रत्येकात वर्षभराच्या कृती, साहित्य आणि पालकांसाठी वेळापत्रक. गणपतीपर्यंत माझी दमछाक झाली. एकीला लिंबाची बॅटरी करून दाखवावी तर दुसऱ्याचा डिंक सांडलेला, त्याला पुसून घ्यावं तर तिचा धडा अर्धवट. शिवाय रोज दुपारी तो तिच्या टेबलाशी आणि ती त्याच्या. मुलं एकमेकांच्या कामात यायला धडपडत होती आणि मी त्यांना आपापल्या जागी बसवत होते.

भावंडं एकत्र आहेत हे घरशाळेचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. अभ्यासक्रम निवडताना ते वापरायचं कसं, ते सांगते.

आधी आठ दिवस नुसतं बघा

काहीही विकत घेण्याआधी एक वही करा. कोण कशात रमतं, किती वेळ, दिवसाच्या कुठल्या प्रहरी, हे आठ दिवस लिहा. त्याच वहीत स्वतःचाही वेळ प्रामाणिकपणे लिहा. सकाळचा डबा, पाणी येण्याची वेळ, नोकरी, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधं हे सगळं धरून सलग किती वेळ हाताशी उरतो? दीड तास उरत असेल तर रोज तीन तासांची तयारी मागणारा अभ्यासक्रम कितीही देखणा असला तरी तो तुमचा नाही.

विषय दोन वाटण्यांत मांडा: शिडीचे आणि अंगणाचे

काही विषय शिडीसारखे असतात. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची चढता येत नाही. वाचन-लेखन आणि गणितातली आकडेमोड या शिडीच्या गोष्टी. त्या प्रत्येक मुलाच्या वेगळ्या ठेवा आणि वयापेक्षा ते मूल आज कुठल्या पायरीवर उभं आहे ते पाहून निवडा. नऊ वर्षांच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर दुसरीचं पुस्तक उघडायला लाजू नका.

बाकीचे विषय अंगणासारखे. परिसर, विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला, गोष्टी, बागकाम. अंगणात कुठूनही शिरता येतं. पाऊस समजायला आधी किल्ले समजावे लागत नाहीत. हे विषय सगळ्या भावंडांना एकच घ्या. एका वेळी घरात एकच विषय चालू, आणि प्रत्येकाचं काम आपापल्या ताकदीचं.

ही वाटणी झाली की खरेदी निम्मी होते. शिडीसाठी रोज प्रत्येकी वीस ते चाळीस मिनिटं पुरतात. तेवढ्यात दुसऱ्या मुलाने स्वतःचं स्वतः करायचं काम आधीच काढून ठेवायचं. बाकी वेळ अंगणाचा.

अंगणाचा धडा चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं

माझी कसोटी अशी: धड्याचा उंबरा इतका खाली हवा की चार-पाच वर्षांचं मूल आत येईल, आणि छत इतकं उंच हवं की बारा वर्षांच्या डोक्याला लागणार नाही.

आमच्या घरातला एक दिवस सांगते. माळ्यावरून सासूबाईंची जुनी मापं खाली काढली: चिपटं, मापटं, शेर, पायली. धाकटा तेव्हा सहाचा, थोरली अकराची. चादर अंथरून वर ज्वारीचा डबा ठेवला. धाकट्याला एवढंच सांगितलं, "शेर भरायला किती चिपटी लागतात, बघ." आजीने आधीच सांगून ठेवलं होतं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे चार चिपटी लागायला हवीत. त्याने चिपटं काठाच्या वर, डोंगरासारखं भरलं आणि शेरात ओतलं. तिसरं ओतलं. चौथं अर्ध्यावर असतानाच दाणे शेरावरून घरंगळून चादरीवर सांडले. "आजी, तुझं माप खोटं आहे!"

आजी म्हणाली, "माप खरं आहे रे. तू शीग लावून भरतोयस." माप काठोकाठ भरून वर जी रास उभी राहते ती शीग. मग तिने त्याच्या हाताला धरून तळव्याने दाणे सपाट करायला शिकवलं. या वेळी चार चिपट्यांत शेर अगदी काठाला लागला.

तोवर थोरली वहीत आकडे मांडून बसली होती. चिपटं म्हणजे शेराचा पाव, पायलीचा सोळावा भाग. दर पायरीला दुप्पट आणि शेरावरून पायलीला एकदम चौपट का, असा प्रश्न तिने स्वतःच काढला. मधलं अडशिरीचं माप आमच्या संचात नव्हतं, ते आजीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिने हँगरला दोन करवंट्या बांधून तागडी केली. वजनं नव्हती, तर औषधाच्या सिरिंजने पाणी मोजून छोट्या पिशव्यांत भरलं, कारण एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. मग तिने चिपटंभर ज्वारी आणि चिपटंभर पोहे तोलले. माप तेच, वजन वेगळं. किती पट, ते भागाकार करून काढलं. घनता हा शब्द मी त्यानंतर सांगितला.

एक चादर, एक डबा, दोन वयं. धाकट्याचं दुप्पट-निम्मं झालं, थोरलीचे अपूर्णांक आणि घनता झाली, आणि सांडलेले दाणे दोघांनी मिळून वेचले. अभ्यासक्रमाचं नमुनापान समोर आलं की स्वतःला विचारा: या पानातून असा दिवस निघेल का?

नमुनापाने उघडा आणि पेन घेऊन बसा

जाहिरात वाचू नका, एक अख्खा आठवडा वाचा. त्या आठवड्यातली क्रियापदं अधोरेखित करा. मोजा, कापा, पेरा, जोडा, विचारा, तोला ही करायची कामं. भरा, रंगवा, जोड्या लावा, गिरवा ही कागदाची कामं. कृतिशील म्हणवणाऱ्या बऱ्याच संचांत कागदाचीच कामं भरलेली असतात. कागदावर चिकटवलेल्या कापसाला ढग म्हटलं की कृती झाली असं धरलेलं असतं.

मग साहित्याची यादी बघा. किराणा, भाजी, स्टेशनरी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही अशा वस्तू किती आहेत? परदेशी संचात शरद ऋतूतली लाल पानं, बर्फातल्या खुणा असलं पुष्कळ असतं. तुम्ही तिथे राहत असाल तर उत्तम, घ्याच. पण सांगली-नगरच्या मुलाला मृगाचा किडा, हुरडा, पळसाची फुलं, वळवाच्या गारा समोर दिसतात. ऋतू जुळला नाही तर निरीक्षणाचा विषय नुसता पाठांतराचा होतो.

आणखी एक: प्रयोग फसला तर काय, हे पुस्तकात लिहिलेलं आहे का? ज्याने मुलांसोबत खरंच करून पाहिलंय, तो लेखक हे लिहितोच.

विकत घेण्याआधी फुकटातलं चांगलं बघा

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. तिसरी ते पाचवीची परिसर अभ्यासाची पुस्तकं अंगणाच्या विषयांचा सांगाडा म्हणून वापरा. क्रम तुमचा, कृती तुमच्या. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज आहेत. ते वाचायला घेतलं की सगळ्यांनी मिळून एक किल्ला चढायचा. धाकट्याने बुरूज मोजायचे, थोरल्याने गडावरच्या टाक्यात किती पाणी मावेल याचा अंदाज लांबी-रुंदी पावलांनी मोजून आणि खोली अदमासाने धरून काढायचा.

विज्ञानासाठी अरविंद गुप्तांचं काम बघाच. टेल्कोतले (आताच्या टाटा मोटर्समधले) हे अभियंते १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून आकृत्या जोडण्याचं खेळणं तयार केलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसोबत काम केलं. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती, फिल्म्स आणि मराठी पुस्तकंही मोफत आहेत. काडी-ट्यूबचा उंबरा किती खाली आहे बघा: लहान मूल त्रिकोण करतं, तो हलत नाही; चौकोन करतं, तो कलंडतो. मोठ्याला विचारा, चौकोन पक्का करायला कोपऱ्यातून कोपऱ्यात किती तिरक्या काड्या लागतील? एक. पंचकोनाला? दोन. षटकोनाला? तीन. पुढचा नियम तोच शोधेल.

शिडीतल्या गणितासाठी शंभर मण्यांची गणितमाळ घरी ओवा, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. पहिली-दुसरीच्या बेरीज-वजाबाकीला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही, आणि ओवताना थोरल्या भावंडालाही काम मिळतं.

लहानग्यांसाठी काय करावं असं विचारणाऱ्यांना मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण देते. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडला गेलेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम शंख-शिंपले, बिया, पानं अशा भोवतालच्या साहित्यावर उभं होतं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली, ती कुरणशाळा. लाकडी खेळण्यांच्या महागड्या पेट्यांपुढे मन डळमळलं की मला हे आठवतं.

दहा दिवस चालवून बघा

निवडलेल्यातला एकच विषय घ्या आणि दहा दिवस चालवा. मुलं धडा संपल्यावर वस्तू तशाच ठेवून उठतात, की संध्याकाळी पुन्हा त्याच वस्तूंशी खेळताना दिसतात? बाबा घरी आल्यावर आपणहून काही दाखवतात का? दहा दिवसांत हे एकदाही झालं नाही तर तो अभ्यासक्रम सोडा.

याच दिवसांत एक धोका दिसेल, त्याकडे डोळेझाक करू नका. थोरलं मूल धाकट्याचा शिक्षक होऊन बसतं. थोडं चांगलंच आहे. समजावून सांगताना स्वतःचं पक्कं होतं. पण रोज तेच झालं तर त्याची स्वतःची वाढ खुंटते. माझ्या लेकीने एकदा स्पष्ट सांगितलं, "आई, मला त्याच्याशिवाय पण काहीतरी करायचंय." तेव्हापासून धाकट्याच्या दुपारच्या झोपेचा तास तिचा एकटीचा ठेवला. त्या तासाला तिने निवडलेलं अवघड काम, आणि मी फक्त तिची. अभ्यासक्रमात मोठ्या मुलासाठी असं खोलात जाणारं, एकट्याने तडीस न्यायचं काम आहे का, हे मुद्दाम तपासा. नसेल तर ते तुम्हाला घालावं लागेल.

उलट धाकट्याचं दुखणं वेगळं. ताईचं सगळं चांगलं, माझं वेडंवाकडं, असं त्याला वाटू लागतं. म्हणून एकाच कामात त्याचा वाटा असा असावा की त्याच्यावाचून काम अडेल. सावलीचा प्रयोग करताना आमच्याकडे खडूने खूण करण्याचा मान त्याचा. मुंबईत साधारण १५ मेच्या सुमारास आणि पुण्यात त्याच्या एक-दोन दिवस आधी भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसाची वाट बघत आम्ही आठवडाभर रोज खुणा केल्या. त्याच्या खुणा नसत्या तर तिचा आलेखच झाला नसता.

परीक्षेचा रस्ता आधीच माहीत असू द्या

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलेलं आहे. न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद मात्र नाही आणि घरशाळेचा वेगळा उल्लेखही नाही. पुढे दहावीसाठी एनआयओएस हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे, त्याला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. त्यांच्या प्राथमिक टप्प्याचे अ, ब, क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबर फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. तेराव्या वर्षापर्यंत अंगणाचे विषय मोकळे ठेवले तरी चालतं. त्यानंतर थोरल्याच्या शिडीत परीक्षेचं पुस्तक घाला.

विषयांचं तीन वर्षांचं चक्र आखा

पाणी, माती, अन्न, किल्ले, आकाश, घरं, असे अंगणाचे मोठे विषय कागदावर मांडा आणि तीन वर्षांत वाटून टाका. चौथ्या वर्षी पहिला विषय पुन्हा येऊ द्या. सहाव्या वर्षी ज्याने नुसती ज्वारी ओतली तो नवव्या वर्षी तागडी बांधेल. म्हणून जुन्या वह्या रद्दीत घालू नका. मापांच्या त्या दिवशीची वही आमच्याकडे अजून आहे: तिच्या बाजूला आकड्यांचा तक्ता, त्याच्या बाजूला वेड्यावाकड्या अक्षरांत "शीग नाही लावायची", आणि पानावर एक ज्वारीचा दाणा चिकटपट्टीने लावलेला.