वर्गासाठी झेरॉक्स काढताना

"सर, आता पुस्तकातली पानं काढली तर केस होते म्हणं," सोलापूरच्या नवी पेठेतल्या झेरॉक्सवाल्यानं पुस्तक माझ्यापुढं परत सरकवलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या आया विड्या वळतात. एका प्रकरणासाठी चाळीस जणांना अख्खं पुस्तक घ्या म्हणायचं कुठल्या तोंडानं?

घरी येऊन १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वाचलं. तुम्हीही वाचा. शिकवताना शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेतला उतारा, उत्तरातल्या ओळी, यांना उल्लंघन म्हणत नाहीत. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. अभ्यासक्रमाला लागतात तेवढ्या प्रती काढता येतात, असं तिथल्या उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं. 'दहा टक्के पानं चालतात' हे मात्र ऐकीव आहे. आपल्या कायद्यात असा आकडा नाही. धड्याला किती लागतं, तेवढंच बघायचं.

आधी हक्क जिवंत आहे का ते पाहा. लेखक गेल्यावर पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत छापलेलं २०११ पासून सगळ्यांचं. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. २७ फेब्रुवारीला त्यांची कविता फळ्यावर लिहून खुशाल शिकवा. जाहिराती घेऊन काढलेल्या स्मरणिकेत छापायची तर परवानगी घ्या. स्नेहसंमेलनातलं नाटकही तसंच. मुलांनी आणि शिक्षकांनी केलेलं, समोर शाळेची माणसं आणि पालक, तर हरकत नाही. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात तिकीट लावलंत की लेखकाला विचारावंच लागतं.

अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. ती वर्गात थांबत नाही, तासाभरात बार्शी-अक्कलकोटला पोचते. मी रात्री जागून काढलेल्या व्याकरणाच्या नोट्स एका क्लासनं माझं नाव खोडून विकल्या, तेव्हा पोटात कसं तुटतं ते कळलं. म्हणून प्रत्येक कागदाच्या वर लेखक, पुस्तक आणि प्रकाशकाचं नाव मी हातानं लिहितो.

आणि दुकानात जाताना शाळेच्या लेटरहेडवर चार ओळी न्या: पुस्तक, पान क्रमांक, इयत्ता, प्रती, 'फक्त वर्गात शिकवण्यासाठी, विक्रीसाठी नाही'. माझं पत्र त्या झेरॉक्सवाल्यानं दोनदा वाचलं, गल्ल्यात ठेवलं आणि मशीन चालू केलं.